डॅशबोर्डमागच्या गाठी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

पोर्तुगीज चर्चच्या सिग्नलला आमची जीप उभी आहे. साल सत्त्याऐंशी असावं. मागे दहा वर्षांचा पुष्कर, त्याच्या मांडीवर भाजीची पिशवी, पिशवीतून मेथी डोकावतेय. संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांवर. हेरंबने माझ्याकडे न बघता विचारलं, "जाऊ?" मी म्हटलं, "जा." एवढंच. अशा हजारो संध्याकाळी झाल्या असतील. ही लक्षात राहिली, कारण त्या दिवशी मी मनात म्हटलं होतं, मैत्रिणींचे नवरे त्यांना फ्रीज घेतानाही विचारत नाहीत, माझा सिग्नलला विचारतो.

आज हे आठवलं, कारण नातीने, ओवीने, खाली जीपवरची ताडपत्री काढली. सहा वर्षांत प्रथमच. खाली चिमण्यांचं घरटं, वाळलेला पिंपळ आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी निघाल्या. हेरंबला जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्या आधीची तीन वर्षं त्याच्याने क्लच दाबवत नव्हता.

इमारत पुनर्विकासाला चालली आहे. पंधरा डिसेंबरला प्रभादेवीचं हे घर रिकामं करायचं, आणि कंपाऊंडही. पुष्करने भंगारवाल्याला चौदा तारीख देऊन ठेवली आहे. नातीचा मात्र हट्ट, की जीप तिला हवी. तिला जव्हारकडे रोपवाटिकेत नोकरी लागली आहे आणि तिथल्या रस्त्यांना हीच गाडी पुरी पडेल म्हणते. दुपारी मेकॅनिकने येऊन इंजिन चालू करून दिलं. पण डॅशबोर्ड संपूर्ण मेलेला. दिवे नाहीत, हॉर्न नाही, वायपर नाही, एकही काटा हलत नाही. बारा डिसेंबरला गाडीची सरकारी तपासणी आहे. त्यात पास झाली तर ओवीची, नाही तर भंगारवाल्याची. बापलेकीत असं ठरलं आहे. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी ओवीच्या बाजूने मत दिलं असतं.

१२ नोव्हेंबर

लालबागहून रामदासभावजी आले. हेरंबचे परळच्या म्युनिसिपल शाळेपासूनचे मित्र. गिरणीत इलेक्ट्रिशियन होते, संपानंतर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं. आता दुकान मुलीकडे आहे आणि ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "वहिनी, ही गाडी नाय, म्युझियम आहे."

"होईल का एका महिन्यात?"

"हात माझे. डोळे हिचे." ओवीकडे बोट. "काय गं, करंट तपासायचा टेस्ट लॅम्प म्हायतीय काय?"

"यूट्यूबवर पाहिलाय, आजोबा."

"मग झालंच. मी घरी जातो."

चहा दिला. कप देताना माझा हात दर वेळी अडखळतो, चाळीस वर्षं झाली तरी. सासूबाई असताना भावजींसाठी एक कप वेगळा असे, खालच्या फळीवर. घरातल्या कपांना हिरवी पट्टी, त्याला तपकिरी. सूनबाई म्हणून मी गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते. पण हेरंब स्वयंपाकघरात आला की हटकून तो तपकिरी पट्टीचा कप उचलायचा आणि स्वतः त्यातून चहा प्यायचा. सासूबाई कपाळावर हात मारायच्या, "ह्याला एक कप ओळखू येत नाही!" दर वेळी घोटाळा. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि सगळे कप एका फळीवर आले. कधी कधी माणसाचं वेंधळेपणही उपकार करून जातं.

१६ नोव्हेंबर, रविवार

डॅशबोर्ड उघडला. चार स्क्रू निघाले, पाचवा करवतीने कापावा लागला. आत वायरींचं जंजाळ. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत हेरंबने हे सगळं वायरिंग स्वतःच्या हाताने केलं होतं. गॅरेजवाल्याला हात लावू दिला नव्हता.

ओवी म्हणाली, "आजी, हे बघ काय!" प्रत्येक वायरीच्या टोकाला दोरा बांधलेला आणि दोऱ्याला गाठी. एकीला एक, दुसरीला तीन, तिसरीला पाच. दोरा माझ्या भरतकामाच्या डब्यातला! मी लगेच ओळखला. गाठही माझीच. कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या तासाला सिस्टरने शिकवलेली, ओढली की घट्ट होणारी, पाण्याने न सुटणारी. त्या दिवाळीत तो करंज्या तळताना माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. "मिनू, न सुटणारी गाठ कशी मारतात?" पीठ लागलेल्या हातांनी शिकवली. मला वाटलं, वायरींची जुडी बांधायची असेल.

भावजींनी एक दोरा चिमटीत धरला आणि त्यावरच्या गाठी नखाने चाचपल्या. मग ओवीला म्हणाले, "पोरी, रंग बघू नको. गाठी मोज. एक गाठ हॉर्न, दोन हेडलाइट, तीन वायपर."

"पण रंग आहेत ना? रंगांनी सोपं होईल."

"सांगितलं ना, गाठी मोज."

ओवीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. म्हणजे, आजोबांना रंग दिसत नाहीत म्हणून.

चहाच्या वेळी मी ओवीला जहाजाची गोष्ट सांगितली. तिने दहा वेळा ऐकली आहे, तरी मागते. लग्न ठरलं तेव्हा हेरंबची बोटीवर निवड झाली होती. शेवटची तब्येतीची तपासणी आणि कागदपत्रं करायला तो रामदासभावजींना घेऊन बंदराकडे गेला, आणि संध्याकाळी आमच्या गिरगावच्या घरी येऊन मला गच्चीत म्हणाला, "मी नाही जात. वर्षातले नऊ महिने समुद्रावर काढायचे तर लग्न कशाला करायचं?" मग विम्याच्या ऑफिसात कारकून झाला आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाला. एवढं मोठं काही आपल्यासाठी कोणी सोडतं, ही जाणीव मला आयुष्यभर पुरली.

"सो रोमँटिक," ओवी म्हणाली. "हो ना, आजोबा? तुम्ही होतात ना बरोबर?"

भावजी खाली पडलेला स्क्रू शोधत होते. "होतो ना," ते म्हणाले. "बटाटेवडे खाल्ले आम्ही येताना. त्याने पैसे दिले."

२० नोव्हेंबर

हॉर्न वाजला! एकच हॉर्न, पण काय आवाज. तिसऱ्या मजल्यावरच्या बकुळाताई खिडकीत आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, मला वाटलं हेरंबराव आले." मग स्वतःच ओशाळल्या. मी वर जाऊन त्यांना तिळाची चटणी देऊन आले. बरं वाटलं उलट.

२३ नोव्हेंबर, रविवार

पुष्कर सामानाचे खोके घेऊन आला. कपाट आवरताना मी त्याला त्याच्या बाबांचे मोजे दाखवले. प्रत्येक जोडीला आतून दोरा टाचलेला. "बघ, किती टापटीप होती," मी म्हटलं.

"टापटीप?" तो हसला, पण हसण्यासारखं नव्हतं ते. "आई, शाळेच्या स्पोर्ट्सला ग्रीन हाऊसचा टी-शर्ट आणायला सांगितला होता. बाबांनी तपकिरी आणला. अख्ख्या मैदानात मी एकटा तपकिरी. सरांनी संचलनातून बाहेर काढलं."

"घाईत झालं असेल रे."

"तीन वेळा सांगितलं होतं. कागदावर लिहून दिलं होतं. त्यांचं लक्षच नसायचं माझ्याकडे. लक्ष सगळं ह्या गाडीकडे."

अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. केस माझ्याइतकेच पांढरे. पण हे सांगताना खालचा ओठ दहा वर्षांचा झाला. मला कधी कळलंच नाही, की गाडीवरचा ह्याचा राग गाडीवरचा नाही. गाडी भंगारात गेली तर तो राग कुठे जाईल? त्याच्याजवळच राहील, असं मला वाटतं.

आमच्यात हेरंबच्या चुकांवर हसायची पद्धत होती. पहिल्या पाडव्याला मी माहेरची लाल साडी नेसले, तर हा म्हणाला, "सणाच्या दिवशी काळं?" आणि जीभ चावली. सगळे किती हसलो. बाजारात टोमॅटो घेतानाही माझ्यावर सोपवायचा. "पिकलेले तू बघ, तुझा हात चांगला." मी त्या कौतुकात चाळीस वर्षं टोमॅटो निवडले. पुष्करला मात्र कोणी हसायला शिकवलं नाही वाटतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज सगळं संपलं असतं.

भावजी खालच्या ओट्यावर जेवत होते. ओवीला धीर धरवेना. तिने हेडलाइटच्या जुन्या वायरी नव्या फ्यूजला जोडायला घेतल्या. गाठी मोजल्या नाहीत. लाल म्हणजे करंटची, काळी म्हणजे अर्थिंगची, हे जगात सगळीकडे असतं तसं धरलं आणि लाल वायर बॅटरीला लावली. फट् असा आवाज झाला आणि डॅशबोर्डमधून धूर. जळक्या रबराचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत. भावजी उष्ट्या हाताने धावले आणि बॅटरीचं टोक ओढून काढलं. ओवीची बोटं पोळली. फार नाही, पण रडली.

पुष्कर खोके घेऊन उतरतच होता. लेकीचा हात नळाखाली धरला, मग गाडीत डोकावला आणि वायर ओढून बाहेर काढली.

"हे बघ! लाल वायर अर्थला! जिथे हिरवी हवी तिथे तपकिरी. हे काय वायरिंग आहे? कोणाचा जीव गेला असता. एक काम धड लक्ष देऊन केलं नाही ह्या माणसाने आयुष्यात. बस झालं. मी आत्ता भंगारवाल्याला फोन करतो."

"ठेव तो फोन," रामदासभावजी म्हणाले.

"काका, तुम्ही मध्ये पडू नका."

"मीच पडणार. पन्नास वर्सं गप बसलो, आता पडणार." त्यांचा हात अजून वरणाने माखलेला. "तुझ्या बापाला रंग दिसत नव्हते. लाल त्याला काळाच दिसायचा. हिरवा नि तपकिरी एकच. जन्मापासून. म्हणून तर गाठी. एकेक वायर जिभेवर दोरा ओला करून बांधलीय त्याने. दिवाळीचे चार दिवस. लक्ष नव्हतं म्हणतोस? तुला दिसतं म्हणून तू न बघता जोडशील. त्याने प्रत्येक वायर तीन तीन वेळा तपासलीय."

नळ चालू होता. मीच जाऊन बंद केला.

"सांगितलं का नाही?" पुष्करचा आवाज इतका बारीक झाला.

"लग्न ठरलेलं. गिरगावातलं शिकलेलं घर, इंग्रजी बोलणारी मुलगी. म्हणाला, कळलं तर मोडतील. मग लग्न झालं. मग वाटलं, आता काय सांगायचं. असंच राहिलं." माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, मला शपथ होती. माफ करा."

पुष्करने हातातली वायर खाली टाकली नाही. तिच्या गाठींवरून अंगठा फिरवत होता. "तपकिरी," तो म्हणाला. "हिरवा समजून आणला."

"सहा दुकानं फिरला होता दादरला," भावजी म्हणाले. "मी होतो बरोबर. शेवटी मला काय तरी काम निघालं, मी गेलो नि त्याने एकट्याने घेतला. दुकानदाराला विचारायला लाजला. चूक माझी पण आहे."

भंगारवाल्याला फोन झाला नाही.

१ डिसेंबर

सकाळी दूध तापवताना एकेक आठवत होतं. मोज्यांचे दोरे. टोमॅटो. सणाच्या दिवशी काळं. सिग्नल.

मग जहाज आठवलं.

मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. तब्येतीची तपासणी करायला गेला होता तो. बोटींचे दिवे लाल आणि हिरवे असतात, एवढं मलाही माहीत आहे.

भावजींना फोन लावला. त्यांनी उचलला आणि "बोला वहिनी" म्हणून गप्प राहिले. नेहमी गप्प राहत नाहीत. त्यांना वाटलं असणार, आता विचारते.

"नवे फ्यूज आणलेत का?" मी विचारलं.

"आणले," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "दोन जास्त आणले."

दुसरं काही विचारलं नाही. विचारणारही नाही. गच्चीतली ती संध्याकाळ ज्याने मला दिली, त्याचा त्या दुपारी केवढा अपमान झाला असेल, आणि तरी येताना त्याने मित्राला वडे खाऊ घातले. बोट माझ्यासाठी सोडली असती तर एकदाच सोडली असती. मला विचारत मात्र तो रोज राहिला. ह्यात मला तोटा कुठे झाला, हे दिवसभर शोधते आहे. सापडत नाही.

६ डिसेंबर

आज काम बंद. भावजी दर वर्षी ह्या दिवशी शिवाजी पार्कला पाणी वाटायला असतात. गावोगावहून लोक चैत्यभूमीला येतात. पन्नास वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. घरापासून पंधरा मिनिटांची वाट. आज गेले. भावजींच्या मुलीने, नम्रताने, माझ्या हातात ग्लासांचा ट्रे दिला आणि तीन तास मी तिथेच उभी राहिले. विदर्भातल्या एका म्हातारीने पाणी पिऊन माझ्या गालावरून हात फिरवला.

गर्दी ओसरल्यावर भावजींना म्हटलं, "तुमच्या त्या कपाचं तेवढं बरं झालं. हिरवा-तपकिरी कळत नव्हता म्हणून तरी."

ते खो खो हसले. "वहिनी, कप त्याला बरोबर कळायचा. त्याचा कान तुटका होता."

मी परत येताना सगळ्या रस्ताभर हसत होते आणि पदराने डोळे पुसत होते. लोकांना वाटलं असेल, बाई ठीक नाही.

९ डिसेंबर

ऑफिसमधून पुष्कर परस्पर आला. वर आलाच नाही. मी खिडकीतून पाहिलं, गाडीत भावजींशेजारी बसला होता. खाली गेले तर नव्या वायरी घालत होते. आता सगळं नियमाप्रमाणे, लाल करंटची, काळी अर्थची.

"आई, तुझा दोऱ्यांचा डबा दे."

"कशाला? रंग आहेत की आता."

"असू देत." मग म्हणाला, "ती गाठ कशी मारतात?"

मी शिकवली. पहिल्या दोन सुटल्या. भावजी म्हणाले, "बापापेक्षा हात जड आहे तुझा." तो म्हणाला, "काका, बापाला चार दिवस मिळाले होते, मला दोन तास." दोघे हसले. मी वर येऊन पोळ्या जास्तीच्या केल्या.

१२ डिसेंबर

पास. हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, सगळं. इन्स्पेक्टर डॅशबोर्डखाली वाकून बघत म्हणाला, "हे दोरे कसले? देवाचे का?" पुष्कर म्हणाला, "हो, घरच्या देवाचे."

परत येताना ओवी चालवत होती, मी शेजारी. डिझेलचा काटा अर्ध्यावर उभा होता. सहा वर्षं शून्यावर पडून असलेला तो काटा मी सबंध रस्ता बघत आले.

१४ डिसेंबर, रविवार

भंगारवाला आला होता. त्याला जुना फ्रीज दिला. खूश होऊन गेला.

उद्या घर सोडायचं. भाड्याचा फ्लॅट शीवला आहे, लहान. सगळं मावणार नाही. म्हणून वाटणी आत्ताच लिहून ठेवते. मी नंतर विसरेन, आणि कधीतरी नसेनही. तेव्हा हेच पान बघावं.

जीप ओवीची. किल्लीच्या जुडग्यातली लहान किल्ली कशाची आहे ते मलाही माहीत नाही. काढून टाकू नये.

जुनं वायरिंग, गाठींसकट, पुष्करला. जळलेली लाल वायरसुद्धा. हेरंबचे मोजेही त्यालाच. घालायला नाहीत, ठेवायला.

हेरंबची पान्यांची पेटी आणि टेस्ट लॅम्प रामदासभावजींना, आणि त्यांच्यानंतर नम्रताच्या दुकानात. मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत आहे. पुष्करने त्यांना सोडायला आणि आणायला स्वतः जायचं आहे, ड्रायव्हर पाठवायचा नाही.

भरतकामाचा डबा सूनबाईंना, सुरुचीला. त्यातला जाड पांढरा दोरा संपत आला आहे. तो ओवीने गाडीत ठेवावा.

हिरव्या पट्टीचे पाच कप बकुळाताईंना. त्यांना ते कायम आवडायचे.

तपकिरी पट्टीचा, तुटक्या कानाचा कप मी कोणाला देणार नाही. रामदासभावजींना तर मुळीच नाही. तो माझ्याकडे राहील, त्यात मी चहा घेईन, आणि माझ्यामागे तो फोडून टाकावा.

लाल साडी उद्या मीच नेसणार आहे.

आणि ओवी, सिग्नल तुला नीट दिसतो, मला माहीत आहे. तरी शेजारी कोणी बसलेलं असेल, तर विचारत जा. "जाऊ?"